मागे ऊद घेऊन बसलेले ते आजोबा कोण?

प्रश्न : मी यूट्यूबवर इजिप्तची गायिका उम्म कुलसुमचे जुने ब्लॅक अँड व्हाइट व्हिडिओ बघतो, शब्द एक कळत नाही पण बघतो. तिच्या मागे जाड चष्म्याचे एक म्हातारे गृहस्थ ऊद (ते अरबी तंतुवाद्य) घेऊन बसलेले असतात, हसणं नाही काही नाही. कोण हो ते?

उत्तर : ते मोहम्मद अल-कसबगी. नुसते साथीदार समजू नका हं त्यांना, ती बाई जे गाऊन मोठी झाली त्यातलं बरंचसं यांनीच बांधलेलं. जन्म 1892चा, कैरोतला, वडीलही ऊदवालेच. 1928 मध्ये त्यांनी तिच्यासाठी 'इन कुन्त असामिह' केलं, शब्द अहमद रामींचे. तोवरची हलकीफुलकी गाणी म्हणजे तीच चाल प्रत्येक कडव्याला, यांनी मात्र चाल पुढे पुढेच नेली, मुखड्यावर परत यायचंच नाही, एकटं माणूस स्वतःशी बोलत सुटतं ना तसं. रेकॉर्ड तुफान खपली. दुसरी गायिका अस्महान, तिचं 'या तुयूर'सुद्धा त्यांचंच, त्यात ती मध्येच पाश्चात्त्य ऑपेरासारखा आवाज लावते आणि तरी ते गाणं अरबीच राहतं, हे कसं जमवलं देव जाणे.

मग 1944 ला अस्महान अपघातात गेली. इकडे उम्म कुलसुम ही झकरिया अहमद आणि रियाद अल-सुन्बाती या दुसऱ्या संगीतकारांच्या चालींकडे वळली, 1940 च्या दशकानंतर कसबगींची नवीन चाल तिने घेतलीच नाही. दुसरा कुणी असता तर रुसून घरी बसला असता. हे गृहस्थ 1966 मध्ये वारले तोपर्यंत तिच्याच मागे बसून दुसऱ्यांच्या चाली वाजवत राहिले! ते गेल्यावर स्टेजवर त्यांची खुर्ची रिकामी ठेवायचे असं सांगतात. मला विचाराल तर खुर्ची ठेवण्यापेक्षा चाली घेतल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ऐका कसं ते सांगतो. उम्म कुलसुमचं 'रक्क अल-हबीब' हे गाणं लावा, लाइव्ह मैफलीचं, इअरफोन घालून, आणि गाणं सोडून फक्त ऊदवर कान ठेवा. ऊदला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे आपल्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधला सूरही बोटाने नेमका पकडता येतो, आणि मध्ये एका जागी बाकी वाद्यं बाजूला होऊन ऊद एकटाच बोलायला लागतो. तेच ते तुमचे आजोबा.