त्या वाक्यातला माणूस कुठं गेला?

बाळ,

तुझ्या डिझर्टेशनचा, मराठी-कन्नडच्या शेजारावरचा चॅप्टर रविवारी पूर्ण वाचला, पेन्सिल घेऊन दोनदा. मेसेजमध्ये एवढं सगळं मावणार नाही म्हणून पत्रच लिहितोय, शांत बसून वाच.

तुझं पहिलंच वाक्य आहे, ‘श्रवणबेळगोळ येथील इ.स. 983 चा शिलालेख मराठीतील आद्य शिलालेख मानला जातो.’ आपल्याकडं बेळगाव भागात हे वाक्य लहानपणापासून कानावर पडतंय, कडोलीच्या, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात कुणीतरी म्हणतंच आणि ऐकताना ऊर भरून येतो, माझाही येतो. पण मानतं कोण? आणि कशावरून? मी एम.ए.ला असताना हेच वाक्य लिहिलेलं, आणि तोंडी परीक्षेत एका सरांनी आवाज न चढवता विचारलं, 983 हा आकडा त्या दगडावर कुठं आहे? मला सांगता आलं नाही, कारण मी लेखाबद्दल चार जणांचं वाचलेलं, खुद्द लेख वाचलाच नव्हता. तो प्रश्न आजपर्यंत माझ्याबरोबर आहे.

आता दगडावर काय आहे ते बघ. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी, नागरी लिपीत, ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, म्हणजे चावुंडरायानं करवलं. एवढंच. साल नाहीच. चावुंडराय हा दहाव्या शतकातला मंत्री, त्यानं मूर्ती करवली म्हणजे लेखही तेव्हाचाच असणार असं धरून मूर्तीच्या काळावरून लेखाचं साल काढलंय. पण त्याच्याबरोबर दुसरी ओळ पण आहे, ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’, सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचं आवार, आणि हा गंगराज कर्नाटकातल्या होयसळ राजांचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला माणूस. दोन्ही ओळींतल्या अक्षरांचं वळण एकच दिसतं म्हणून काही अभ्यासक म्हणतात की पहिली ओळसुद्धा तेव्हाच कोरली असणार. ते पटलं तर अलिबागजवळच्या आक्षीचा लेख आधीचा ठरतो, कारण त्याच्यावर शके 934 कोरलेलंच आहे, म्हणजे 1012. यातलं तुला काय पटतं ते तू ठरव, पण मूळ पाठ वाचून ठरव, आणि कुणाचं म्हणणं का पटलं ते लिही. आणि तिथंच कन्नडमध्ये ‘माडिसिदं’ असा तोच मजकूर आहे, तमिळमध्येही आहे, तो तू का सोडलास? दोन भाषांच्या शेजारावरच तर तुझा विषय आहे की!

तुझ्या चॅप्टरमध्ये ‘मानले जाते’, ‘म्हटले जाते’, ‘दिसून येते’ मी मोजले, तेवीस निघाले. त्या दगडावरचं वाक्य परत वाच. ‘राजें’ ही तृतीया, राजानं. कुणी केलं आणि काय केलं, दोन शब्दांत दोन्ही आलं. तुझ्या तेवीस वाक्यांत करणारा माणूस एकदापण नाही. प्रत्येक ठिकाणी थांब आणि विचार, कोण म्हणतं? नाव सापडलं तर नाव घाल, नाही सापडलं तर ते वाक्य काढून टाक.

‘कन्नडच्या प्रभावाने येथील मराठी भ्रष्ट झाली’ हे पण असंच कुठूनतरी उचललेलं दिसतंय. कन्नडात सुपारीला अडिके म्हणतात, अडकित्ता तिकडूनच आला, अण्णा, अक्का पण तिकडचेच, आणि हे शब्द पुण्यातपण रोज वापरतात, तिथली मराठी कोण भ्रष्ट म्हणतंय? ‘भ्रष्ट’ म्हणणं हे निरीक्षण नाही, तो निकाल आहे, तो कुणी दिला ते लिही.

पण मला सगळ्यात लागलं ते परिशिष्टातलं. खानापूरकडच्या गावात जाऊन आजीचं बोलणं तू स्वतः रेकॉर्ड केलंस, मला फोनवर ऐकवलं होतंस, ‘मी शेताकडं जाऊलोय’ म्हणते ती. टाइप करताना ते झालंय ‘मी शेताकडे जात आहे’. अगं, त्यात ते ‘जाऊल’ गेलं, ‘कडं’ गेलं, आणि आपल्याकडं बाईमाणूस ‘जातो, येतो, आलो’ म्हणतं ना, ते पण पुसलं गेलं. ज्याच्यावर डिझर्टेशन लिहायचं तेच तू शुद्धलेखनाच्या भीतीनं खोडलंस. पुण्याच्या सेमिनारला तुझ्या बोलण्यावर पोरं हसली होती हे मला माहीत आहे, तेव्हापासून तू माझ्याशीपण छापील बोलायला लागलीस. तुझं विवेचन प्रमाण मराठीत लिही, हरकत नाही, पण आजीचं वाक्य आजीचंच राहू दे, अक्षरन् अक्षर, मध्ये खोकली असेल तर तेपण.

आधी घरी बोलतेस तसं एक पान लिहून काढ, ‘मला इथं असं दिसलं, म्हणून मला असं वाटतं’, मग त्याचं चॅप्टर कर. उलटं केलंस की ‘प्रस्तुत’ आणि ‘सदर’च्या खाली तुला काय म्हणायचं होतं तेच सापडत नाही.

गुरुवारी दुपारनंतर मी मोकळा आहे, ये. आणि ते रेकॉर्डिंग फोनमधून डिलीट केलं नाहीस ना, तेवढं आजच कळव.

सर