प्रवेश झाला, तरी पुन्हा इंग्रजीची परीक्षा?

प्रश्न : मुलाला अमेरिकेत एमएस या पदव्युत्तर पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७, लेखनात ६ गुण. व्हिसाही झाला. आता विद्यापीठाचा मेल आलाय की, ऑगस्टमध्ये पोहोचल्यावर ‘इंग्लिश प्लेसमेंट टेस्ट’ द्यावी लागेल. त्यात नापास झाला तर प्रवेश रद्द होईल का? (पालक, सांगली)

उत्तर : नाही. या परीक्षेत पास-नापास नसतेच. कोणाला थेट विषयाचे वर्ग घेऊ द्यायचे आणि कोणाला आधी किंवा सोबत इंग्रजी लेखनाचा कोर्स द्यायचा, एवढेच ती ठरवते. इलिनॉय विद्यापीठ (अर्बाना-शॅम्पेन), आयोवा स्टेट, यूसीएलए अशा अनेक ठिकाणी ही पद्धत जुनी आहे. आयईएलटीएस किंवा टोफेल या तशाच परीक्षेचा गुण प्रवेशापुरता असतो. प्लेसमेंटमधून सूट मिळण्याची रेषा बहुधा त्याहून वर असते, आणि काही ठिकाणी लेखनाचा गुण वेगळा पाहतात. तुमच्या मुलाचा ६ तिथेच अडकला असणार. सूट आहे का हे विभागाला एकदा विचारा, पण परीक्षा टाळू नका. न दिल्यास नोंदणीवर ‘होल्ड’, म्हणजे रोख, लागू शकतो आणि हवे ते वर्ग भरून जातात.

तिकिटाचेही पाहा. कोर्स सुरू होण्याच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आत एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत जाता येते. परीक्षा ओरिएंटेशनच्या, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना ओळख करून देण्याच्या आठवड्यात असते. इलिनॉय, आयोवा या भागात ऑगस्टमध्ये भारतापेक्षा घड्याळ साडेदहा तास मागे असते. आदल्या रात्री उतरून सकाळी निबंध लिहायला बसलेला मुलगा अर्धा झोपेत लिहितो. निदान चार दिवस आधी पोहोचू द्या. काही विद्यापीठे परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर घेतात. तसे असेल तर वीज जाईल हे गृहीत धरून लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

प्रश्न : पेपर कसा असतो? आयईएलटीएसच्या निबंधाची तयारी पुरेल का? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अर्धीच पुरेल. आयईएलटीएसच्या दुसऱ्या टास्कमध्ये ४० मिनिटांत निदान २५० शब्द लिहायचे, तेही स्वतःच्या मनातले. प्लेसमेंटमध्ये बहुतेक वेळा आधी वाचायला एखादा उतारा देतात, कधी जोडीला छोटे व्याख्यान ऐकवतात, आणि त्यांचा आधार घेऊन मत मांडायला सांगतात. खरी मेख इथे आहे. तपासणाऱ्याला तुमचे मत किती चमकदार आहे यात फारसा रस नसतो. दुसऱ्याचे म्हणणे तुम्ही आपल्या वाक्यात, त्याचे नाव घेऊन, अर्थ न बिघडवता मांडता का, हे तो पाहतो. एमएसचे दोन वर्षांचे सगळे पेपर याच कौशल्यावर चालतात.

समजा उताऱ्यात वाक्य आहे : लंडनने २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी आणण्यासाठी शुल्क घ्यायला सुरुवात केली, पण ग्राहक घटल्याची काही दुकानदारांची तक्रार आहे. यातले दोन शब्द बदलून बाकी वाक्य तसेच उतरवले तर ती नक्कल धरली जाते. आधी उतारा झाका. मग स्वतःला विचारा, लेखकाने नेमके काय सांगितले? ‘लेखकाच्या मते गर्दी-शुल्काचा भार काही प्रमाणात व्यापाऱ्यांवर पडू शकतो’ अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत लिहा. त्याच्या पुढच्या वाक्यात तुमचे मत. हा क्रम मोडू नका, नाहीतर लेखक कुठे संपला आणि तुम्ही कुठे सुरू झालात हे कळत नाही.

वेळ ५० मिनिटे असेल तर वाचन-ऐकण्याला १०, आराखड्याला ५, लेखनाला २८ आणि तपासायला ७. आराखड्याची ५ मिनिटे वाचवायला जाणारे मधल्या परिच्छेदात हमखास भरकटतात. ३०० ते ३५० शब्द पुष्कळ झाले. आणि कृपया सुरुवात ‘आजच्या धावपळीच्या युगात’ छापाची नको. शाळेतल्या निबंधाची ही सवय इथे वाया गेलेल्या चार ओळी ठरते. पहिल्या परिच्छेदातच बाजू स्पष्ट करा.

सरावासाठी एखाद्या इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या, १०० शब्दांत सारांश लिहा, मग मूळ लेखाशेजारी ठेवून सलग चार-पाच शब्द तसेच्या तसे कुठे आलेत ते अधोरेखित करा. रोज एक, तीन आठवडे. क्लास लावायची गरज नाही.

प्रश्न : पहिलीपासून इंग्रजी माध्यम. मग कोणत्या चुका होणार? (वाचक, पुणे)

उत्तर : ज्या घरात मराठी बोलली जाते तिथल्याच. ‘जरी’ आला की ‘तरी’ येतो, म्हणून ‘ऑलदो’च्या वाक्यात आपण ‘बट’ घालतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकच. ‘तो म्हणाला की मी येतो’ हे मराठीत चालते. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथनात पुरुष बदलतो आणि बहुधा काळही. ‘अ’, ‘द’ मराठीत नाहीतच, त्यामुळे ते एकतर गळतात किंवा नको तिथे येतात. ‘आजच’मधला ‘च’ ‘टुडे ओन्ली’ होऊन बसतो. ‘डिस्कस अबाउट’, ‘वन ऑफ द रीझन’ तर आहेतच. शेवटची ७ मिनिटे याच यादीसाठी ठेवा. सगळे व्याकरण तेव्हा तपासून होत नाही. एकदोन ‘द’ चुकल्याने कोणी खाली घसरत नाही, पण दर वाक्यात अडखळायला लागले तर तपासणारा अर्थ सोडून चुकाच वाचतो.

प्रश्न : इंग्रजीचा कोर्स लागलाच तर फी, क्रेडिट, व्हिसा यांचे काय? (पालक, नाशिक)

उत्तर : बहुतेक ठिकाणी या कोर्सचे क्रेडिट (श्रेयांक) पदवीच्या एकूणात धरत नाहीत. पूर्णवेळ नोंदणीत धरतात का, आणि फीमाफी असेल तर ती या कोर्सला लागू आहे का, हे दोन प्रश्न विभागाला लेखी विचारा. भार जास्त वाटला म्हणून परस्पर विषय सोडू नका. त्याने एफ-१ दर्जा धोक्यात येतो. सुरुवातीला इंग्रजीची अडचण असेल तर एका सत्रापुरता भार कमी करता येतो, पण तो निम्म्याखाली नेता येत नाही, आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. पुढच्या सत्रात पुन्हा पूर्ण भार.

टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात मदतीचे पगारी काम, मिळाली असेल तर बोलण्याची परीक्षा वेगळी असते. आयोवा स्टेटमध्ये या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत. एकीत सुटलात म्हणून दुसरीत सुटलात असे नाही.

प्रश्न : चॅटजीपीटीकडून निबंध पाठ करून गेले तर? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : उतारा तिथेच कळतो, तेव्हा पाठांतर कशाचे करणार? घरून परीक्षा असेल आणि असे साधन वापरताना सापडलात तर प्रकरण प्लेसमेंटचे राहत नाही, शैक्षणिक गैरवर्तनाचे होते. तेही पहिला वर्ग भरण्याआधी.