बायबलच्या जुन्या करारात बकरा कापला की पाप माफ होत असे का?

तुम्ही विचारलंय की पाप करायचं, बकरा द्यायचा आणि मोकळं व्हायचं अशी सोय असेल, तर माणूस सुधारेल कशाला? आमच्या बायबल अभ्यासवर्गातही हा प्रश्न हमखास निघतो. पण अर्पणांचे नियम सांगणाऱ्या, जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात अशी सोय नाहीच.

लेवीयच्या चौथ्या अध्यायातलं पापार्पण चुकून घडलेल्या पापासाठी आहे. साध्या माणसाने निर्दोष शेळी आणायची, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि सुरीही स्वतःच चालवायची. याजकाचं काम त्यानंतरचं: बोटाने रक्त वेदीच्या शिंगांना, म्हणजे कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना, लावायचं, उरलेलं पायथ्याशी ओतायचं. उद्दामपणे केलेल्या पापाला मात्र जुन्या करारातल्याच गणना पुस्तकाच्या 15व्या अध्यायात अर्पणच सांगितलेलं नाही. अशा माणसाचा लोकांतून उच्छेद व्हावा, एवढंच. दावीद राजाच्या नावे असलेलं 51वं स्तोत्र व्यभिचारानंतरचं मानतात. त्यात तो म्हणतो, तुला यज्ञ हवा असता तर दिला असता. त्याच्याकडे द्यायला उरतं ते भग्न हृदय.

लेवीय 6 मधलं प्रकरण जरा वेगळं. शेजाऱ्याची ठेव दाबली, वर खोटी शपथ घेतली. ही चूक कसली, चक्क लबाडी. तरी तिला दोषार्पण आहे. पण नुसता मेंढा आणून भागत नाही, मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून ज्याची त्याला परत करायची. शंभराचे एकशेवीस! मला तर पुस्तकातला सगळ्यात शहाणा नियम हाच वाटतो.

रक्ताशिवाय क्षमाच नाही असं ठासून सांगणाऱ्यांनी लेवीय 5:11 जरूर वाचावं. दोन पारवेही परवडत नसतील त्याने एफाचा (धान्याचं जुनं माप) दहावा भाग सपीठ आणावं. तेही पापार्पणच, आणि क्षमाही तीच.

यशया, आमोस, मीखा हे संदेष्टे भडकले ते गरिबाला नाडून वर वेदीवर चरबी जाळणाऱ्यांवर, असं माझं वाचन. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र त्याहून पुढे जातं: बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापं जाणं अशक्य, दरवर्षीच्या अर्पणांनी उलट पापांची आठवणच होते. म्हणून आम्ही ख्रिस्ती लोक ख्रिस्ताचं एकदाच झालेलं अर्पण पुरेसं मानतो. यहुद्यांची वाट निराळी. इ.स. 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं, अर्पणं थांबली. पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म राहिले. पण शेजाऱ्याचा हिशेब त्यांच्याकडेही सुटला नाही: मिश्ना (यहुदी नियमांचा जुना संग्रह) सांगते, त्याची समजूत घातल्याशिवाय त्याच्याविरुद्धच्या पापाला प्रायश्चित्ताचा दिवसही (योम किप्पुर, वर्षातून एकदा येणारा) उपयोगी नाही.