बालपणीच्या तबकड्या संगणकावर उतरवताना

प्रश्न : माळा आवरताना लहानपणीच्या गाण्या-गोष्टींच्या तबकड्या सापडल्या. काही मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या आहेत. त्या संगणकावर कशा उतरवाव्यात?

उत्तर : तबकडी लगेच वाजवून पाहण्याचा मोह आवरावा, कारण खाचांत बसलेली धूळ सुईखाली रगडली गेली, तर तो ओरखडा कायमचा राहतो. तबकडी उजेडात तिरपी धरा. बोटांचे ठसे आणि वारंवार ऐकलेल्या गाण्यापाशी राखाडी पडलेला पट्टा लगेच दिसेल. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुधा लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने लाख विरघळते, म्हणून त्या पुसताना ते मुळीच लावू नये. त्यांची खाचही रुंद असल्याने त्यांना सुमारे ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टोकाची वेगळी सुई लागते. एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची सुई साधारण १८ मायक्रॉनची असते.

एलपीची खाच कोरताना खर्ज घटवून वरचे स्वर वाढवलेले असतात. हा तोल फोनो प्रीॲम्प, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण, पूर्ववत करतो. तो नसेल, तर आवाज पातळ आणि कर्कश येतो. ध्वनिमुद्रण २४ बिटचे करावे, सर्वांत मोठा आवाजही पातळीमापकावर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये आणि मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅक या आवाजाचा तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात जशीच्या तशी जपावी. खरखर काढायची ती प्रतीवरच, आणि तीही बेताने, कारण खरखरीबरोबर गाणाऱ्याचा श्वासही पुसला जातो आणि तो पुन्हा आणता येत नाही.