राखेचा बुधवार आणि ॲनोरेक्सिया

प्रश्न : मुलगी 19 वर्षांची आहे. ॲनोरेक्सियावर (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याचा मानसिक आजार) उपचार सुरू आहेत. राखेच्या बुधवारी (ॲश वेन्सडे, ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) उपवास करणारच म्हणते. करू द्यावा का?
– एक आई, वसई

उत्तर : नाही, ताई. कॅथलिक चर्चचा उपवासाचा नियम 18 ते 59 वयासाठी, तोही राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी. आजारी माणसाला त्यातून सूट आहे. हे फादरांच्या तोंडून तिला ऐकवा, लवकर पटेल. या आजारात एक जेवण चुकलं की पुढचं टाळणं सोपं होतं, आणि उपवास म्हटल्यावर घरचेही टोकत नाहीत. दिवसाला तीन जेवणं, मधे दोन-तीनदा खाणं. 3-4 तासांहून जास्त खंड नको. त्यागच करायचा तर घरचा वजनकाटा आणि कॅलरी मोजणारं ॲप सोडू दे. चक्कर आली, छातीत धडधडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.