तालुक्यात न्यूज चॅनल काढणाऱ्याला

भावा, यूट्यूब चॅनल काढतोयस ते बेस्टच, पण लोगोवाला माईक घ्यायच्या आधी एक सवय लाव, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ तसाच उचलून 'ब्रेकिंग' म्हणून टाकायचा नाही. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतंय ना? १ जुलै २०१८, मुलं पळवणारी टोळी समजून डवरी गोसावी समाजाची ५ माणसं गावकऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत मारली, बिचारी मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली. तेव्हा मूल पळवतानाचा जो व्हिडिओ देशभर फिरत होता तो मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती, शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढाच भाग कुणीतरी कापलेला!

त्यामुळे क्लिप आली की स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सला टाक (तोच फोटो नेटवर आधी कुठे आलाय ते कळतं), दुकानांच्या पाट्या बघ, गाड्यांचे नंबर बघ, बोली ऐक आणि मग पोलीस ठाण्यात फोन लाव. 'सूत्रांनुसार' वर भागवू नकोस. पूर्वी रात्री पेपरच्या डेस्कवर बातम्या तपासणारा उपसंपादक विचारायचा, कुणी सांगितलं, नाव दे. आता तुला विचारणारं कुणीच नाही.

आणि पैशाचं बोलायचं तर पेपरवाल्यांनीही काय दिवे लावलेत, तालुक्याच्या कित्येक वार्ताहरांना पगार नाहीच, जाहिरातीच्या कमिशनवर भागवायचं, मग ज्या नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी आणायची त्याच्या रस्त्याच्या टेंडरवर लिहिणार कोण? तुझ्याकडेही येतील शुभेच्छावाले. घे पैसे, पण स्क्रीनवर मोठ्या अक्षरात 'जाहिरात' लिही.