फुगलेलं पोट आणि रात्रपाळी

प्रिय डॉक्टर,

तुझी रात्रपाळी सुरू होतेय, म्हणून हे लिहितेय. 'गॅस झालाय, पोट फुगलंय' ही तक्रार तुला रोज ऐकू येईल. बहुतेकांना खरंच गॅस झालेला असतो, आणि त्यामुळेच ज्याचं दुखणं वेगळं आहे तो नजरेतून निसटतो.

पोटावर हात ठेवण्याआधी जरा नुसतं बघ. आतड्याची कळ येणारा तळमळतो, सारखी कूस बदलतो. आतडं फुटलेला माणूस निपचित पडतो, गुडघे जवळ घेऊन, श्वासही वरच्यावर. कॉटला धक्का लागला तरी कळवळतो. हात लावलास तर पोट फळीसारखं कडक लागेल. मघाशी ओरडणारा अचानक 'आता बरं वाटतंय' म्हणाला आणि नाडी मात्र वाढतच असेल, तर निर्धास्त होऊ नकोस. अपेंडिक्स फुटल्यावर काही वेळ असं होऊ शकतं.

मग विचार, शी कधी झाली, वारा सरतोय का? संकोच करू नकोस. दोन्ही बंद, पोट तट्ट आणि उलटी हिरवी असेल तर आतडं अडकलंय असंच धरून चाल. जांघेवरचं पांघरूण काढून बघच, अडकलेला हर्निया तिथेच सापडतो आणि लाजेपायी बघायचा राहतो. जुलाबाचं औषध नको, तोंडाने काही नको. वेदनाशामक इंजेक्शनाने निदान झाकलं जातं ही जुनी भीती मात्र मनातून काढ. आणि नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर पोट फुगायची वाट पाहूच नकोस.

पाळी चुकलेली, पोटात आणि खांद्याच्या टोकाशी दुखतंय, चक्कर येतेय, अशा बाईच्या गर्भनलिकेतला गर्भ फुटून आत रक्तस्राव होत असू शकतो. पोट फारसं फुगलेलं नसेलही. लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालेल्याला ताप आला किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर ते पाणी लगेच काढून तपासायला पाठव. वयस्क पुरुषाचं ओटीपोटच फुगलं असेल तर आधी लघवीचं विचार.

शंका असेल तेव्हा बेंबीवरून टेपने घेर मोज, कातडीवर पेनाने खूण कर, वेळ लिही. नाडी 100च्या वर, रक्तदाब उतरतोय, हातपाय गार, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं की सर्जनला झोपेतून उठव. फोनवर आधी नाडी आणि रक्तदाब सांग, पोटाचं नंतर.

तुझी,
मॅडम